रोजचा मान्ना आणि बंद पडलेला फोन

आजचा शास्त्रभाग: निर्गम 16:13-31, अनुवाद 8:2-3, मत्तय 4:1-11



आज मी वचनं इथे कॉपी-पेस्ट करून देत नाहीये. मुद्दामच. कारण काय ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल. वर दिलेले तीन भाग आधी स्वतः काढून वाचा. दहा मिनिटं लागतील. मी थांबतो.

वाचलं? चला.

त्या रात्री काय झालं

गेला महिनाभर मी केळझरला आहे, आजीकडे. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव बहुतेकांना सिद्धिविनायकाच्या देवळामुळे माहीत असतं. इथे ख्रिस्ती घरं थोडी, त्यामुळे आम्ही रविवारी उपासनेला वर्ध्याला जातो. आजी अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या रात्री दवाखान्यात तिच्याजवळ मी होतो.

रात्रीचे साधारण दोन वाजले असतील. तिला झोप नव्हती. ती घाबरली होती, पण ते बोलून दाखवणारी बाई नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबू, ते डोंगराचं स्तोत्र म्हन ना रे."

म्हणजे स्तोत्र 121. माझं आवडतं. बायबल ॲपमध्ये मी ते पिवळ्या रंगानं हायलाइट केलेलं, त्याचं चित्र स्टेटसला तीन-चार वेळा ठेवलेलं. मी सुरुवात केली. पहिलं वचन आलं. दुसरं अर्धं आलं. आणि पुढे काहीच नाही. एकदम कोरं.

सवयीनं हात खिशात गेला. फोन बंद. दिवसभर ऑफिसचे कॉल, मग संध्याकाळी बाकड्यावर बसून रील बघत बसलो होतो, त्यात बॅटरी संपली होती. चार्जर घरी राहिला होता.

आजीनं थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "आठवत नाही काय? बरं, तू आयक." आणि तिनं आठही वचनं म्हटली. हळूहळू. मधे एका ठिकाणी अडली, परत मागे गेली, आणि पुन्हा धरलं. रुग्ण ती, ऑपरेशन तिचं, आणि धीर ती मला देत होती.

त्या दिवशी माझ्या ॲपवर सलग 212 दिवसांची स्ट्रीक होती.

मित्रांनो, ही संख्या मी लपवू शकलो असतो. पण मला वाटतं आपल्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच आहे. 212 दिवस मी बायबल उघडलं होतं. खाल्लं किती दिवस होतं, ते त्या रात्री कळलं.

साठवून ठेवलेला मान्ना

आता निर्गम 16 कडे या. इस्राएल लोक मिसरातून निघून रानात आलेत, भूक लागली आहे, कुरकुर सुरू आहे. देव म्हणतो, मी आकाशातून अन्न देतो. सकाळी दव सुकतं आणि जमिनीवर बारीक, खवल्यांसारखं काहीतरी पडलेलं दिसतं. लोक एकमेकांना विचारतात, हे काय? त्या प्रश्नावरूनच त्याचं नाव पडलं, मान्ना. धण्यासारखा दाणा, चव मध घातलेल्या पोळीसारखी.

देवानं दिलेल्या सूचना नीट बघा. प्रत्येकानं आपल्या गरजेपुरता वेचायचा, माणशी एक ओमर. सकाळी वेचायचा, कारण ऊन तापलं की तो वितळून जायचा. आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवलाच. सकाळी बघतात तर किडे पडलेले आणि घाण वास सुटलेला. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशीचा दुप्पट वाटा ठेवायला परवानगी होती, आणि तो मात्र खराब होत नसे.

इथे केळझरच्या आसपास सध्या कापसाची वेचणी चालू आहे. सकाळी बाया ओटी बांधून शेतात जातात. एकेक बोंड हातानं वेचायचं, ओटीत टाकायचं. शेत लांबून पाहून पांढरंशुभ्र दिसतं, फोटो छान येतो. पण बघण्यानं ओटी भरत नाही. संध्याकाळी वजन होतं ते वेचलेल्याचं, पाहिलेल्याचं नाही.

मी ॲपमध्ये काय करत होतो? लांबून शेत पाहत होतो. रोजचं वचन आलं, वाचलं, हायलाइट केलं, सेव्ह केलं, स्ट्रीक वाढली, झालं. मनात एक खोटं समाधान की वचन माझ्याजवळ आहे. पण वचन फोनजवळ होतं. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत सांगायचं तर लिंक जतन करणं म्हणजे फाइल डाउनलोड करणं नव्हे. फोन बंद पडला आणि माझ्याकडे फक्त तुटक्या लिंका राहिल्या.

सेव्ह केलेल्या वचनांची यादी, नंतर बघू म्हणून ठेवलेले उपदेशांचे व्हिडिओ, व्हॉट्सॲप ग्रुपवर न वाचताच आमेन लिहून पुढे पाठवलेले संदेश: हा माझा दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेला मान्ना होता. तो साठला, पण त्यानं पोट भरलं नाही.

रानात येशूजवळ गुंडाळी नव्हती

चाळीस वर्षांनंतर मोशे लोकांना मान्नाचा अर्थ सांगतो. अनुवाद 8:3 पाहा. तो म्हणतो, देवानं तुम्हांला भूक लागू दिली आणि मग तुम्हांला माहीत नसलेलं अन्न दिलं, ते एक गोष्ट शिकवण्यासाठी: माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, देवाच्या मुखातून येणाऱ्या वचनावर जगतो.

म्हणजे मान्ना हा फक्त जेवणाचा प्रश्न नव्हता. रोज सकाळी देवावर विसंबायचा सराव होता.

आता मत्तय 4. प्रभू येशू रानात आहे, चाळीस दिवस उपाशी. सैतान म्हणतो, धोंड्यांच्या भाकरी कर. आणि येशू नेमकं हेच वचन पुढे ठेवतो, अनुवाद 8:3. मान्नाचा धडा! दुसऱ्या परीक्षेला उत्तर अनुवाद 6:16, तिसरीला अनुवाद 6:13. तिन्ही उत्तरं एकाच पुस्तकातली.

याआधी मी हा भाग कितीदा तरी वाचला असेल, पण एक साधी गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. त्या काळी शास्त्र गुंडाळ्यांवर लिहिलेलं असायचं आणि त्या गुंडाळ्या सभास्थानात असायच्या. उपाशी माणूस रानात शास्त्राची गुंडाळी घेऊन फिरत नसे. येशूनं जे उत्तर दिलं ते आधीपासून त्याच्या आत होतं. नासरेथात, लहानपणापासून, रोज थोडं थोडं आत गेलेलं.

परीक्षा येते तेव्हा शोधायला वेळ नसतो. दवाखान्यात रात्री दोन वाजता नसतो. नोकरी गेल्याचा मेल येतो तेव्हा नसतो. हॉस्टेलच्या खोलीत एकटे असताना स्क्रीनवर नको ते उघडायचा मोह होतो, तेव्हा तर नसतोच. त्या घटकेला जे आत आहे तेच उपयोगी पडतं.

पण इथे एक इशाराही आहे, तो सोडून चालणार नाही. दुसऱ्या परीक्षेत सैताननंही वचन वापरलं आहे, स्तोत्र 91 मधलं. वचन त्यालाही पाठ होतं! म्हणजे नुसतं पाठांतर हे ध्येय नाही. आजीला स्तोत्र पाठ होतं म्हणून तिला धीर आला असं नाही. ज्याच्याविषयी ते स्तोत्र आहे त्याच्याशी तिची ओळख जुनी होती. वचन हा त्या ओळखीचा रोजचा बोलण्याचा रस्ता होता.

रेल्वेत मिळालेलं पुस्तक

आपल्या मराठी मंडळीत याचं एक सुंदर उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1893 साली ते रेल्वेनं राजनांदगावकडे चालले होते, नोकरीच्या शोधात. आजही आमच्या वर्ध्याहून नागपूर, गोंदिया करत जाणारी गाडी पुढे राजनांदगावला जाते, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते. डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, कवितेवर बोलणं झालं. उतरण्याआधी त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि म्हटलं की प्रामाणिकपणे वाचलंत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना ते भाकीत काही आवडलं नव्हतं. पण शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून पुढे हलवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी लिहिलेली गीतं आपण आजही उपासनेत गातो.

कोणी वादात हरवलं म्हणून नाही, कुठला चमत्कार पाहिला म्हणून नाही. एक पुस्तक, पेन्सिल, आणि एका ठिकाणी थांबायची तयारी. आपण तो परिच्छेद वाचला असता तर अंगठ्यानं वर सरकवून पुढे गेलो असतो. टिळक थांबले.

आजीच्या भाषेत

आणखी एक कबुली. माझं बायबल वाचन बरीच वर्षं इंग्रजीत चाललं होतं. कॉलेजपासूनची सवय. त्यात वाईट काही नाही. पण त्या रात्री आजीला इंग्रजी स्तोत्राचा काय उपयोग होता? आणि खरं सांगू, घाबरलो असताना मीही प्रार्थना मराठीतच करतो.

पंडिता रमाबाईंना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. साध्या बायकांना समजेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. छपाईसाठी खिळे जुळवण्याचं कामही मुक्तीमधल्या बायकांनी केलं. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाई काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. पुस्तक छापून बाहेर आलं ते त्यांच्यामागे, 1924 मध्ये.

एवढ्या कष्टानं आपल्या भाषेत आलेलं वचन माझ्या फोनमध्ये फुकट होतं. आणि मी त्यावर तीन सेकंद थांबत होतो.

मग आता काय करायचं?

आजी घरी आली. ऑपरेशन चांगलं झालं, प्रभूची स्तुती असो. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालते. मी ऑफिसला विचारून महिनाभर इथूनच काम करतोय. या दिवसांत जे करून पाहिलं ते सांगतो. हे नियम नाहीत. तुमच्या घराप्रमाणे बदला.

एक: फोनला वेगळ्या खोलीत झोपवा. सकाळी डोळा उघडल्यावर हातात पहिल्यांदा काय येतं यावर बरंच काही अवलंबून आहे. मी साधं गजराचं घड्याळ घेतलं. पहिला आठवडा फार जड गेला. हात उशाखाली फोन शोधायचा, सारखं वाटायचं ऑफिसमध्ये काहीतरी मोडलं असेल. मधे माझा ऑन-कॉल आठवडाही आला. तेव्हा फक्त अलर्टचा कॉल वाजेल अशी सेटिंग केली, बाकी सगळं मुकं, आणि फोन बाहेरच्या खोलीत. त्या आठवड्यात एकदाच वाजला. उठलो, काम केलं, परत येऊन बसलो.

दोन: थोडं वाचा, पण तोंडानं वाचा. स्तोत्र 1 मध्ये रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाचं वर्णन आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' आहे. त्याचा अर्थ नुसता मनात विचार करणं असा नाही, पुटपुटणं असा आहे. यशया 31:4 मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हाच शब्द आला आहे. म्हणजे मनन हे ओठांनी, घशानं करायचं काम आहे. तोंडानं वाचताना स्क्रोल करता येत नाही, ही मोठी सोय आहे.

तीन: गरजेपुरतं घ्या. बायबलमध्ये एकूण 1189 अध्याय आहेत. रोज एक वाचला तर सव्वातीन वर्षं लागतात. लागू द्या. सुरुवातच करायची असेल तर मार्क घ्या, 16 अध्याय, 16 दिवस. एक अध्यायही जास्त वाटला तर दहा वचनं. एक ओमर पुरे.

चार: एक ओळ हातानं लिहा. वहीत. पूर्ण वचन नाही, त्यातलं आज जे लागलं ते. मी ती चिठ्ठी लॅपटॉपला चिकटवतो. स्टँडअप मीटिंग सुरू व्हायच्या आधी नजर जाते.

पाच: संध्याकाळी कोणाला तरी सांगा. अनुवाद 6:7 मध्ये वचनांविषयी घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना बोला असं सांगितलं आहे. मी आजीला सांगतो. ती कधी नुसती मान हलवते, कधी म्हणते, "त्यात नवं काय सांगतो, हे तर मले माहीत हाय." तुम्ही रूममेटला सांगा, आईला फोन करा.

सहा: दिवस चुकला तर परत या. कालचं आणि आजचं एकत्र उरकू नका, स्वतःला शिक्षा म्हणून तर मुळीच नाही. त्या कुरकुर करणाऱ्या लोकांसाठीही दुसऱ्या दिवशी सकाळी मान्ना पडला होता. ज्यांनी आदल्या रात्री साठवून चूक केली त्यांच्यासाठीही पडला. देव स्ट्रीक मोजत नाही. तो सकाळी पुन्हा देतो. चाळीस वर्षं दिलं.

फोन शत्रू आहे का?

नाही. तुम्ही हे फोनवरच वाचताय. आजीची नजर आता अधू झाली आहे, तर दुपारी मी माझ्याच फोनवर तिला मराठी ऑडिओ बायबल लावून देतो. ती डोळे मिटून ऐकते, आणि जे ओळखीचं आहे ते सोबत म्हणते. तेच यंत्र, तेच वचन. फरक इतकाच की ती ऐकताना दुसरं काही करत नाही.

ॲप ठेवा. फक्त स्वतःला अधूनमधून विचारा: हा फोन आत्ता बंद पडला, तर माझ्याजवळ काय उरेल?

माझी स्ट्रीक मी मोडू दिली. मुद्दाम एक दिवस ॲप उघडलं नाही. आकडा शून्यावर आला तेव्हा थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या सकाळी मी अंगणात बसून स्तोत्र 121 पाठ करत होतो, समोर गावालगतची टेकडी. स्तोत्र लिहिणारा डोंगरांकडे बघतो आणि विचारतो की माझी मदत कुठून येईल, आणि मग त्याची नजर डोंगरांच्याही पलीकडे, डोंगर करणाऱ्याकडे जाते. हे मी हायलाइट केलेलं होतं. कळलं त्या दिवशी.

आता रात्री आम्ही दोघं मिळून म्हणतो. पाचव्या आणि सहाव्या वचनात माझा अजून गोंधळ होतो. आजी दुरुस्त करते. आठव्यापर्यंत पोचेपर्यंत ती बहुतेक वेळा झोपलेली असते. मग शेवटचं वचन मी एकटाच म्हणतो, फोनशिवाय.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू रोज सकाळी देतोस आणि आम्ही ते उन्हात वितळू देतो, याबद्दल आम्हांला क्षमा कर. आमची भूक आम्हांला दाखव. तुझं वचन आमच्या स्क्रीनवरून आमच्या ओठांवर आणि तिथून अंतःकरणात येऊ दे. जे आज दवाखान्यात, परीक्षेत, एकटेपणात आहेत, त्यांना त्यांच्या आत असलेलं एखादं वचन आठवून दे. आणि आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तुझे आभार, ज्यांनी आमच्या आधी वेचलं आणि आम्हांला वाटलं. येशूच्या नावानं मागतो. आमेन.

आजसाठी: स्तोत्र 121 मराठीत काढा. तीन वेळा तोंडानं वाचा. मग फोन उलटा ठेवा आणि किती आठवतं ते म्हणून पाहा. दोनच वचनं आली तरी हरकत नाही. मीही तिथूनच सुरुवात केली.

प्रभू तुमचं बाहेर जाणं आणि आत येणं सांभाळो. उद्या भेटू.

जय ख्रिस्त!